‘आपला’ ऑन्कॉलॉजिस्ट कोण?

नवा मोबाइल घ्यायचा असला की आपण आठवडाभर रिव्ह्यूज वाचतो. फ्लॅटसाठी चार बिल्डरांकडे चकरा मारतो. पण घरात बायॉप्सीचा रिपोर्ट येतो, त्यावर ‘कार्सिनोमा’ हा शब्द दिसतो आणि दोन तासांत डॉक्टर ठरलेला असतो! ठरवतं कोण? शेजारचे काका, ऑफिसमधला सीनियर, नाहीतर फॅमिली ग्रुपवरची नाशिकची मावशी. ‘अरे, आमच्या साहेबांच्या मिसेसचं तिथेच झालं. आता खडखडीत बऱ्या आहेत.’

बऱ्या आहेत, आनंदच आहे. पण त्यांना थायरॉइडचा कॅन्सर होता आणि तुमच्या बाबांना फुप्फुसाचा. दोन्हीला कॅन्सर म्हणतात, बाकी आजार वेगळा, औषधं वेगळी आणि बऱ्याचदा डॉक्टरही वेगळा.

मुळात ‘कॅन्सरचा डॉक्टर’ असा एकच माणूस नसतो. ऑपरेशन करणारा सर्जिकल ऑन्कॉलॉजिस्ट, केमो आणि बाकीची औषधं देणारा मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, शेक देणारा रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट. डिग्र्याही वेगळ्या. सर्जरीवाल्यांची साधारण एमसीएच, मेडिकलवाल्यांची डीएम, रेडिएशनवाल्यांची एमडी. (काही सीनियर मंडळी जुन्या पद्धतीने, मोठ्या हॉस्पिटलात फेलोशिप करून तयार झाली आहेत, तेव्हा पाटीवर नेमकी अक्षरं नाहीत म्हणून लगेच नाक मुरडू नका.) रजिस्ट्रेशन नंबर प्रिस्क्रिप्शनवर असायलाच हवा. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात.

खरी गोची होते ती पहिल्या आठवड्यात. आईला छातीत गाठ लागते. ओळखीचे जनरल सर्जन म्हणतात, ‘छोटीशी आहे, काढून टाकू, मग तपासायला पाठवू.’ घरच्यांना हायसं वाटतं. पण ब्रेस्ट कॅन्सरच्या बाबतीत आधी सुईने बायॉप्सी, त्यावर ईआर, पीआर आणि एचईआर-टू या टेस्ट्स आणि मग प्लॅन, हा क्रम महत्त्वाचा. काही पेशंट्सना केमो आधी देतात. गाठ आकसते, कधीकधी अख्खा स्तन काढायची वेळ टळते आणि औषध लागू पडतंय का तेही डोळ्यांसमोर दिसतं. गाठ आधीच काढून टाकली तर हा चान्स गेला. डॉक्टर वाईट असतात असं नाही हो, पण रोज अपेंडिक्स आणि हर्निया करणारा हात वेगळा आणि आठवड्याला अशा कित्येक केसेस बघणारा वेगळा. म्हणून थेट विचारा, ‘या प्रकारच्या कॅन्सरची वर्षाला किती ऑपरेशन्स तुम्ही करता?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

दुसरा प्रश्न, ‘आमची केस ट्यूमर बोर्डमध्ये ठेवणार का?’ ट्यूमर बोर्ड म्हणजे तिन्ही प्रकारचे ऑन्कॉलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिऑलॉजिस्ट एकत्र बसून एका पेशंटचा प्लॅन ठरवतात ती मीटिंग. नाहीतर होतं काय, सर्जनकडे गेलात तर सर्जरी, केमोवाल्याकडे गेलात तर केमो!

सेकंड ओपिनियन घ्यायला आपण उगाच लाजतो. डॉक्टरांना राग येईल, हा आपल्या आईबाबांचा फंडा. पण यात नुसती फाइल नेऊन भागत नाही. बायॉप्सीच्या काचेच्या स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून घ्या, दुसरीकडच्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. कारण पुढचा सगळा डोलारा त्या एका रिपोर्टवर उभा असतो. कागदपत्रं मागितली तर डॉक्टरांनी 72 तासांत द्यावीत, असा मेडिकल कौन्सिलचा 2002पासूनचा नियमच आहे. आणि वेळ? बहुतेक गाठींच्या कॅन्सरमध्ये आठ-दहा दिवसांनी आभाळ कोसळत नाही. अक्यूट ल्युकेमिया असेल, श्वास अडकत असेल, पाय अचानक लुळे पडत असतील, तर मात्र ओपिनियन वगैरे बाजूला ठेवा आणि आधी अॅडमिट व्हा.

मग टाटाला जायचं का? परळचं टाटा मेमोरियल 1941पासून उभं आहे आणि एका प्रकारचा कॅन्सर हजारोंनी बघितलेली माणसं तिथे आहेत. गर्दीही तशीच. पहाटेची लोकल, लांबलचक रांगा, ‘उद्या या’. पण सगळी ट्रीटमेंट तिथेच घ्यायला हवी असं नाही. प्लॅन तिथून आणि केमो घराजवळ, असं अनेकजण करतात. टाटाच्या पुढाकाराने 2012मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आज देशातली 300हून अधिक सेंटर्स आणि संस्था आहेत. त्यांच्या ट्रीटमेंट गाइडलाइन्स नेटवर फुकट वाचता येतात. रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस, कित्येक आठवडे चालतं. डोंबिवलीहून परळ रोज जमेल का, हाही डॉक्टर निवडण्याचाच भाग. सांगली-जळगावहून येणाऱ्यांचा तर राहण्यापासून प्रश्न. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशांसाठीच आहे.

पैशाचं आधीच बोला. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईबाबा आहेत का, रूम रेंटला लिमिट आहे का, अॅडमिट न होता केलेला पेट स्कॅन चालतो का, हे एचआरला आजच विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर आहे, पण योजनेतल्या हॉस्पिटलातच. फाइल उघडायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला गाठा.

आणि हो, पेशंटला केबिनबाहेर बसवू नका. हिंजवडीतल्या एका मैत्रिणीने आईला काही सांगितलंच नव्हतं. पहिल्या डॉक्टरांनी अर्धा तास तिच्याशी इंग्लिशमध्ये गप्पा मारल्या. दुसऱ्यांकडे आई स्वतःच आत शिरली आणि म्हणाली, ‘गाठ मला आहे ना, मग मला सांगा.’ डॉक्टरांनी कागद घेतला, चित्र काढलं आणि पुढची वीस मिनिटं मराठीतून आईशीच बोलत राहिले. सहाही केमो तिथेच झाल्या.