मेगापिक्सेलचा आकडा आणि सेमाडोहची संध्याकाळ

दिवाळीच्या आधी पुतण्याचा दूरध्वनी आला. अकोल्यात त्याचे कापडाचे दुकान आहे आणि त्याची मुलगी अमरावतीला प्राणिशास्त्र शिकते. तिला पक्ष्यांची छायाचित्रे काढायची होती. "काका, दोन कॅमेरे पाहून ठेवले आहेत. एक २४ मेगापिक्सेलचा, दुसरा ३२ चा. दुकानदार म्हणतो, आकडा जितका मोठा तितके चित्र स्वच्छ. मोठा घेतला तर पैसे त्यातच संपतात, मग लेन्स सोबत मिळते तीच ठेवावी लागेल. काय करू?"

माझी उभी हयात बँकेच्या कर्जविभागात गेली. कर्ज मागायला येणारा गृहस्थ पहिल्यांदा वार्षिक उलाढालीचा आकडा सांगत असे, कारण तो सर्वांत मोठा असे. आम्ही मान डोलावत असू, आणि मग नफा, येणी व गोदामातला माल पाहायला बसत असू. असे असूनही कॅमेऱ्याच्या बाबतीत मी स्वतःच एकदा उलाढालीला भुललो होतो. पुतण्याला उत्तर देण्याआधी मला ती फसगत सांगावी लागली.

आठ-नऊ वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब मुक्तागिरीला गेलो होतो. दर्शन झाल्यावर परतवाड्याहून धारणी रस्त्याने घाट चढून सेमाडोहला मुक्काम केला. सिपना नदीच्या काठचे हे गाव मेळघाटच्या सागवनात आहे. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाले, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. या प्रवासासाठी मी मुद्दाम नवा कॅमेरा घेतला होता. खिशात मावेल असा, २० मेगापिक्सेलचा, लांबचे जवळ आणणारा. भाच्याकडे त्याचा जुना, जाडजूड कॅमेरा होता. तो अवघा १२ मेगापिक्सेलचा. मी त्याची थोडी थट्टाही केली.

सूर्यास्तानंतर जेवायचे नाही म्हणून आम्ही चार वाजण्यापूर्वीच पाने वाढून घेतली आणि जिप्सीत बसलो. परतताना उन्हे डोंगराआड गेली होती आणि उतारावर एक रानगवा उभा होता. काळाभोर देह, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. आम्ही दोघांनीही एकाच वेळी छायाचित्रे काढली. रात्री ती पडद्यावर पाहिली. माझ्या चित्रात रवा सांडल्यासारखे रंगीत दाणे होते आणि गव्याचे डोके हलल्यासारखे दिसत होते. भाच्याच्या चित्रात डोळ्यातली चमक होती, शिंगांवरच्या वळ्या दिसत होत्या.

हे का झाले, ते मी घरी आल्यावर शोधले. पिक्सेल म्हणजे चित्रातला एक ठिपका. असे दहा लाख ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल. हे ठिपके ज्या चकतीवर प्रकाश टिपतात तिला सेन्सर म्हणतात. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे ६ मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच होता, म्हणजे हाताच्या करंगळीच्या नखापेक्षाही लहान. भाच्याचा होता २४ बाय १६ मिलिमीटरच्या आसपास. क्षेत्रफळात तेरा पटींचा फरक. एवढ्याशा जागेत मी २० भाडेकरू कोंबले होते, त्याने वाड्यात १२ ठेवले होते. प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला येणारी जागा हिशेबाने पाहिली तर त्याच्याकडे वीस पटींहून अधिक. भर दुपारी प्रकाश सर्वांना पुरतो, तेव्हा फरक जाणवत नाही. सांजावताना तो उघडा पडतो. त्यात माझ्या लेन्सचे तोंड लांबचे दृश्य घेताना आक्रसत होते. लेन्सवर एफ २.८, एफ ५.६ असे आकडे असतात, २.८ ला ५.६ च्या चौपट प्रकाश आत येतो. ग्राहक मात्र हा आकडा विचारत नाही, कारण तो लहान असलेला चांगला.

मेगापिक्सेल निरर्थक आहेत, असे मात्र नव्हे. चार बाय सहा इंचांचे छायाचित्र इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायला दोन मेगापिक्सेलपेक्षा किंचित अधिक लागतात. आठ बाय दहाला सात. घरातल्या फोर-के दूरचित्रवाणीच्या पडद्यावर सुमारे आठच दिसतात. दुकानाचा मोठा फलक करायचा तर तो रस्त्यापलीकडून पाहिला जातो, त्यामुळे इंचाला ३०० ठिपक्यांची गरजच उरत नाही. भ्रमणध्वनीवरचे १०८ मेगापिक्सेलसुद्धा बहुधा नऊ ठिपक्यांचा एक करून १२ चेच चित्र हाती देतात. मोठा आकडा खरोखर उपयोगी पडतो तो चित्राचा लहानसा तुकडा कापून मोठा करायचा असेल तेव्हा. पक्षीनिरीक्षकाला नेमके हेच करावे लागते, म्हणून पुतण्याची शंका रास्त होती. तिचे उत्तर मी कागद-पेन्सिल घेऊन काढले.

मेळघाटात रानपिंगळा आहे. हे लहानसे घुबड नामशेष झाले असे शतकभर मानले जात होते. १९९७ साली ते आपल्याच राज्यात शहाद्याजवळ पुन्हा दिसले आणि पुढे मेळघाटातही आढळले. पक्ष्याची उंची सुमारे २३ सेंटिमीटर. तो ५० मीटरवर बसला असेल तर ३०० मिलिमीटरच्या लेन्समधून त्याची सेन्सरवरची प्रतिमा दीड मिलिमीटरही भरत नाही. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात त्या प्रतिमेच्या उंचीत साधारण ३५० ठिपके येतात. तेवढ्याच सेन्सरवर ३२ मेगापिक्सेल असले तर ते ४०० च्या थोडे वर जातात. कारण ठिपके लांबी-रुंदी दोन्हींकडे वाटले जातात आणि एका बाजूची वाढ जेमतेम सोळा टक्के होते. तीच ६०० मिलिमीटरची लेन्स लावली तर जुन्याच कॅमेऱ्यात ७०० ठिपके. मेगापिक्सेलच्या बळावर एवढे साधायचे तर ९६ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणावा लागेल.

मेळघाटसारख्या जंगलांत वाघांची गणना करताना झाडांना स्वयंचलित कॅमेरे बांधतात, तेही याच व्यवहारबुद्धीने. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगवेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावतात. वाघ जवळून जातो, चमकदिव्याचा प्रकाश पुरतो, पट्टे जुळवता येतात, काम झाले. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे होते. त्यांनी टिपलेल्या तीन कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रांपैकी वाघांची होती ७६,६५१. बाजारात अशा कॅमेऱ्यांच्या खोक्यांवरही मोठमोठे मेगापिक्सेल छापलेले असतात. त्यांतले कित्येक ठिपके टिपलेले नसून शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरलेले असतात. बँकेच्या भाषेत ही नुसती खतावणीतली नोंद, रोकड नव्हे.

पुतण्याला मी सांगितले, २४ चा घे आणि उरलेले पैसे लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये घाल. घेण्यापूर्वी दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, कापडाच्या ठाणांसमोर दोन चित्रे काढून मोठी करून पाहा. त्याने ठाणांची चित्रे खरेच काढून पाहिली. आता दुकानातल्या साड्यांची छायाचित्रेही त्याच कॅमेऱ्याने निघतात, आणि रंग वेगळा दिसला म्हणून परत येणारा माल कमी झाल्याचे तो म्हणतो. अर्थात त्यात दुकानातल्या नव्या दिव्यांचाही वाटा असावा.

फेब्रुवारीत त्याची मुलगी मैत्रिणींबरोबर सेमाडोहला जाऊन आली. रात्री उशिरा तिचा निरोप आला : "आजोबा, रानपिंगळा मिळाला!" सोबत छायाचित्र होते. सागाच्या निष्पर्ण फांदीवर बसलेला, पिवळ्या डोळ्यांनी थेट आपल्याकडे पाहणारा. सकाळी तिचा दुसरा निरोप आला. तिने ते चित्र मोठे करून डोक्यावरची पिसे पाहिली होती. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ एकरंगी असते; याच्या डोक्यावर पांढरे ठिपके होते, अगदी मोजता येतील इतके स्पष्ट. तो आपल्या गावशिवारातला साधा पिंगळाच निघाला. मेच्या सुटीत ती पुन्हा जाणार आहे.