कायले शिकता बाप्पा?

अचलपुरात दुल्हा दरवाज्याजवळच्या चहाच्या टपरीवर माझी वही उघडी पडली होती. पानभर अक्षरं गिरवलेली, उजवीकडून डावीकडे. शेजारच्या बाकावरच्या शेतकऱ्यानं मान वाकडी करून पाहिलं. उर्दू नाही, हे त्याला लगेच कळलं. "हिब्रू आहे, इस्रायलची भाषा," मी म्हणालो. त्यावर त्यानं सरळ विचारलं, "कायले शिकता बाप्पा?"

मी "असंच" म्हणून वेळ मारून नेली. पण असंच कुणी भाषा शिकत नाही. कुणी नोकरीसाठी शिकतं, कुणी धर्मासाठी, कुणी आजोळ शोधायला, तर कुणी शत्रू समजून घ्यायला. हिब्रूच्या बाबतीत तर कारण सांगितलं नाही, तरी लोक ते गृहीत धरतात. २०२३ च्या ऑक्टोबरात हमासचा हल्ला झाला, गाझात युद्ध पेटलं, आणि तेव्हापासून 'हिब्रू शिकतो' म्हटलं की 'तुम्ही कुणाच्या बाजूचे?' हे आधी येतं.

टपरीवर उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी रोज बसतात. त्यांनी वही ओढून घेतली. अक्षरं त्यांना येत नव्हती, म्हणून मी वाचून दाखवू लागलो. बायित म्हणजे घर. "आमच्याकडे बैत," ते म्हणाले. योम म्हणजे दिवस. "यौम." केवेर म्हणजे थडगं. "कबर." शालोम मी उच्चारायच्या आतच त्यांनी सलाम केला. मग हसून म्हणाले, "अरे भाऊ, ये तो अपनाच निकला!"

अरबी आणि हिब्रू या सख्ख्या बहिणी. दोघींची शब्दघडण साधारण तीन व्यंजनांच्या धातूवर उभी असते. क-त-ब या धातूपासून अरबीत किताब, कातिब, मक्तब होतात. हिब्रूत त्याच धातूपासून कातव म्हणजे 'लिहिलं', मिख्ताव म्हणजे पत्र, क्तोवेत म्हणजे पत्ता. आपल्या मराठीत मुरलेला 'हिसाब' घ्या. त्याचा हिब्रू भाऊबंद 'खेश्बोन', आणि त्याच धातूपासून संगणकाला 'मख्शेव'. आपण गणनेवरून संगणक केला, त्यांनी हिसाबावरून. इमादशाहीची राजधानी असलेल्या, पुढे निजामाच्या अमलात राहिलेल्या या गावात हिब्रूचे निम्मे शब्द उंबऱ्यापर्यंत आधीच येऊन बसले होते.

हिब्रूचा मराठी इतिहास मात्र वऱ्हाडात नाही, कोकणात आहे.

मिशनऱ्याचं व्याकरण

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, त्यातून सात जोडपी वाचली आणि त्यांचा वंश वाढला, ही बेने इस्रायल समाजाची मूळकथा. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावोगाव त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावं गावांवरून पडली: किहीमचे केहीमकर, राजपुरीचे राजपूरकर, दिव्याचे दिवेकर. घरची भाषा मराठी. पूर्वजांच्या हिब्रूतलं त्यांच्याजवळ फार थोडं उरलं होतं. सुंता, शनिवार, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि 'शेमा' या प्रार्थनेचे शब्द, एवढीच शिदोरी.

१७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचं पहिलं प्रार्थनास्थळ बांधलं. लोक त्याला मशीदच म्हणत. पुण्यात बगदादी ज्यूंनी बांधलेल्या देखण्या प्रार्थनास्थळाला पुणेकर आजही 'लाल देऊळ' म्हणतात. नावांची ही सरमिसळ ज्यांना खटकत नसे, अशी ती माणसं होती.

हिब्रू पुन्हा शिकवायला कोचीनचे ज्यू आले, आणि त्यांच्यापाठोपाठ अनपेक्षित दिशेनं आले जॉन विल्सन. मुंबईचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावानं आहे, ते हे स्कॉटिश मिशनरी १८२९ साली मुंबईत उतरले. १८३२ मध्ये त्यांनी बेने इस्रायलांसाठी हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. हेतू उघड होता. ज्यूंनी आपले धर्मग्रंथ मुळातून वाचावेत, त्यातल्या भविष्यवाण्या येशूकडे बोट दाखवतात हे त्यांना पटावं आणि त्यांनी ख्रिस्ती व्हावं.

झालं भलतंच. बेने इस्रायलांनी व्याकरण घेतलं, शाळा घेतल्या आणि धर्म स्वतःचाच घट्ट केला. धर्मांतर अगदी मोजक्यांनी केलं. १८४६ साली मुंबईत वल्हांडणाची पोथी, म्हणजे हगादा, मराठी अर्थासह शिळाछापावर निघाली. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या हगादात चित्रं आहेत. त्यात बिनखमिराची रोटी करणाऱ्या बायका साड्या नेसून बसल्या आहेत. मिसरमधून सुटलेल्या इस्रायलींची गोष्ट सांगताना चित्रकाराला आपल्याच आयाबहिणी दिसल्या.

मिशनच्याच शाळेत शिकलेले जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) पुढे डेव्हिड ससून यांच्या नावाच्या मुंबईतल्या शाळेचे मुख्याध्यापक झाले, मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक झाले. त्यांनी ज्यू प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८७५ मध्ये समाजाच्या मुलांसाठी शाळा उभी केली. समाजाचा इतिहास त्यांनी १८९७ मध्ये लिहून ठेवला, तो छापला गेला १९३७ मध्ये, थेट तेल अवीवला. छापून आणणारे इमॅन्युएल ओल्सवांगर स्वतः संस्कृतचे अभ्यासक होते. पुढे त्यांनी भगवद्गीता हिब्रूत नेली.

विल्सनसाहेबांच्या व्याकरणातून मला एवढं कळलं: शिकवणाऱ्याचा हेतू शिकणाऱ्याच्या गळ्यात बांधता येत नाही. भाषा एकदा हाती आली की ज्याची त्यानं वापरायची.

१८५८ ते १९२२

विल्सनना जे ज्यूंकडून हवं होतं, ते नंतर एका चित्पावन बाईनं आपल्या रीतीनं केलं. पंडिता रमाबाई मुळात संस्कृतच्या पंडिता. ख्रिस्ती झाल्यावर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला आणि अख्खं बायबल मूळ भाषांतून मराठीत आणायला घेतलं. मराठी बायबल तर आधीच होतं. पण त्याची संस्कृतप्रचुर भाषा त्यांच्या आश्रमातल्या, दुष्काळातून आलेल्या, नुकत्याच अक्षरओळख झालेल्या बायकांना कळत नव्हती. रमाबाईंना हिब्रू हवी होती ती या बायकांच्या मराठीसाठी. आश्रमाचा छापखानाही मुलीबायकाच चालवत. शेवटची प्रुफं तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या, असं सांगतात.

वऱ्हाडच्या माणसाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. अचलपुराहून फार लांब नसलेल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र मराठीत लिहिलं. महानुभाव पंथाचं लेखन संस्कृतात नको, मराठीत हवं, असा नागदेवाचार्यांचा आग्रह होता. संस्कृत आलं तर साध्यासुध्या म्हाताऱ्यांच्या हातून ते ज्ञान जाईल, ही त्यांची काळजी होती. सहाशे वर्षांनी रमाबाईंचीही तीच काळजी.

त्याच काळात जेरुसलेममध्ये एक माणूस उलट्या दिशेनं चालला होता. एलिएझर बेन-येहुदा रशियन साम्राज्यातून १८८१ साली तिथं पोचले. प्रार्थनेत, पोथ्यांत आणि पंडितांच्या लेखणीत शतकानुशतकं राहिलेली हिब्रू घरात बोलायची, असा त्यांचा पण होता. १८८२ मध्ये मुलगा झाला. त्याच्या कानावर दुसरी कुठलीच भाषा पडू द्यायची नाही, असा नियम. आईनं एकदा रशियन अंगाई म्हटली म्हणून वडिलांनी आकांत केला, ही आठवण त्या मुलानंच पुढे लिहून ठेवली. मुलाला बोलायला शब्द हवेत, म्हणून वडील शब्द घडवत बसले. 'एत' म्हणजे वेळ, त्यावरून 'इतोन' म्हणजे वर्तमानपत्र. 'मिला' म्हणजे शब्द, त्यावरून 'मिलोन' म्हणजे शब्दकोश. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम चालवली. शब्द घडवणं हे राजकारण असतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

बेन-येहुदांचा जन्म १८५८ चा, मृत्यू १९२२ चा. रमाबाईंचाही जन्म १८५८ चा, मृत्यू १९२२ चा. त्याच १९२२ मध्ये ब्रिटिशांच्या अमलाखालच्या पॅलेस्टाईनमध्ये इंग्रजी आणि अरबीबरोबर हिब्रू राजभाषा झाली. बेन-येहुदांनी देव्हाऱ्यातली भाषा स्वयंपाकघरात आणली. रिद्धपूरकरांनी आणि रमाबाईंनी स्वयंपाकघरातली भाषा देव्हाऱ्यात नेली.

रमाबाईंच्या आणि बेन-येहुदांच्या हिब्रूंमधलं अंतर एका शब्दात दिसतं. संदेष्टा यहेज्केलच्या दृष्टान्तात 'खश्माल' असा शब्द येतो, झगझगणारं असं काहीतरी. नेमकं काय, यावर पंडितांचा खल चालतो. रमाबाईंपुढे आला तो हा खश्माल. आधुनिक हिब्रूत खश्माल म्हणजे वीज, आणि 'खेश्बोन खश्माल' म्हणजे विजेचं बिल.

मी हू येहुदी?

१९४८ साली इस्रायल झालं तेव्हा भारतात बेने इस्रायल विसेक हजार होते. पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक तिकडे गेले. दिमोना, बीरशेबा, लोद, अशदोद इथं मराठी घरं उभी राहिली. या लोकांना प्रार्थनेची हिब्रू वाचता येई, पण भाजी घेता येत नसे. नव्यानं आलेल्यांना हिब्रूतूनच हिब्रू शिकवणारे 'उल्पान' नावाचे वर्ग तिथं १९४९ पासून सुरू झाले होते. पोलंडचा डॉक्टर, मोरोक्कोचा चांभार आणि परळचा गिरणी कामगार एका बाकावर.

मराठी माणसाला तिथं एक सोय आहे. आपण 'मी जातो', 'मी जाते' म्हणतो. हिब्रूतही पुरुष 'अनी होलेख' म्हणतो आणि बाई 'अनी होलेखेत'. इंग्रजीतून येणारा इथं अडखळतो, मराठी माणसाला यात नवल नसतं. हिब्रूत 'ही' म्हणजे ती, तेही सोपं. पण 'मी' म्हणजे? हिब्रूत 'मी' म्हणजे कोण.

हा केवळ कानाचा योगायोग. बेने इस्रायलांच्या वाट्याला मात्र तो अक्षरशः आला. ज्यू कुणाला म्हणायचं, या इस्रायलच्या जुन्या वादाला तिथं 'मी हू येहुदी' असंच म्हणतात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भेदभावाविरुद्ध काही बेने इस्रायलांनी धरणं धरलं आणि काही जण भारतात परतले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठानं फर्मान काढलं की लग्नापूर्वी बेने इस्रायलांच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. इतक्या शतकांत यांचे विवाह आणि काडीमोड धर्मनियमांप्रमाणे झाले का, अशी शंका. ज्या माणसांनी कोकणात दर शनिवारी घाणा बंद ठेवला, त्यांना शनिवारच्याच देशात विचारलं गेलं, तुम्ही कोण? मोर्चे निघाले, निदर्शनं झाली. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत.

त्या लढ्यात हिब्रूचा अर्थ बदलला. आता ती हक्क मागण्याची भाषा झाली. आणि घरात मराठी टिकवण्यासाठी त्याच लोकांनी इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. एक भाषा मिळवली, दुसरी सोडली नाही.

आजची कारणं

भारतानं इस्रायलला १९५० मध्ये मान्यता दिली, पूर्ण राजनैतिक संबंध जोडले १९९२ मध्ये. आता संबंध दाट आहेत. नागपूरला लिंबूवर्गीय फळांसाठी भारत-इस्रायल सहकार्यातलं केंद्र आहे, राहुरीला डाळिंबासाठी, दापोलीला हापूससाठी. परतवाडा-मोर्शी-वरूडच्या संत्रापट्ट्यात ठिबक कुणाला ठाऊक नाही? १९६५ मध्ये नेगेव्हच्या वाळवंटातल्या एका किबुत्झनं, म्हणजे सामुदायिक वसाहतीनं, ठिबकचा कारखाना काढला. हिब्रूत थेंबाला 'तिपा' म्हणतात, आपल्या 'टिपूस'ला लागूनच. संत्र्याला 'तपूझ' म्हणतात. 'तापुआख झाहाव', म्हणजे सोन्याचं सफरचंद, याचं ते आखूड रूप. पण संत्र्याचं काम इंग्रजीत भागतं. बागायतदाराला हिब्रू लागत नाही.

लागते ती दुसऱ्यांना. २०२३ मध्ये बांधकामासाठी आणि रुग्णांच्या शुश्रूषेसाठी भारतीय माणसं पाठवण्याचा करार दोन देशांत झाला. तिकडच्या एखाद्या आजारी म्हाताऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसाला 'मायिम' म्हणजे पाणी आणि 'कोएव' म्हणजे दुखतंय, हे पहिल्याच आठवड्यात कळावं लागतं. नागदेवाचार्यांच्या म्हाताऱ्या इथं पुन्हा भेटतात. ऐकणारा कोण, यावर भाषा ठरते.

राजकीय कारणं दोन्ही बाजूंची आहेत. सावरकरांनी १९४७ मध्येच ज्यू राष्ट्राला पाठिंबा दिला होता. त्या परंपरेतल्या अनेकांना हिब्रूचं पुनरुज्जीवन म्हणजे राष्ट्र उभारण्याचा धडा वाटतो. दुसरीकडे पॅलेस्टिनी कैदी इस्रायली तुरुंगांत हिब्रू शिकतात, पहारेकऱ्याचं बोलणं आणि वर्तमानपत्र कळावं म्हणून. इस्रायलच्या अरब नागरिकांना ती शाळेपासूनच शिकावी लागते. २०१८ च्या कायद्यानं अरबीचा राजभाषेचा दर्जा काढून घेतल्यावर तर सक्तीची धार आणखी जाणवते. तरी अँटन शम्मास या पॅलेस्टिनी लेखकानं १९८६ मध्ये आपली कादंबरी लिहिली ती हिब्रूत, आणि ज्यूंच्या भाषेत आपल्या अरब गावाची गोष्ट सांगितली. विल्सनच्या वेळी घडलं तेच इथं दुसऱ्या टोकानं घडलं. भाषा ज्यांच्यासाठी उभी केली, त्यांच्यापुरती ती राहिली नाही.

परवा टपरीवर तो शेतकरी पुन्हा भेटला. त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजूनही नव्हतं, पण त्याचा प्रश्न मी हिब्रूत करून आणला होता. वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवला: 'लामा?' मग फोड सांगितली. हिब्रूत 'मा' म्हणजे काय, आणि त्याआधी लागणाऱ्या 'ले'चा अर्थ आपल्या 'ला'सारखा. आपण वऱ्हाडात 'मले', 'तुले' म्हणतो, तसाच. फक्त तिथं 'ले' आधी येतो आणि 'मा'ला चिकटताना 'ला' होतो. 'ले' आणि 'मा' मिळून लामा. काय आणि ले मिळून कायले.

त्यानं वही जवळ घेतली, उजवीकडून बोट फिरवत ती तीन अक्षरं पाहिली आणि विचारलं,

"अन् याचं उत्तर कसं लिवतेत?"