गिरणीतील हवा आणि कामगाराचे आरोग्य

माळवा व निमाडचा कापूस हाताशी असल्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होळकर दरबाराने इंदूर येथे कापड गिरणी उभारली. पुढे माळवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल आदी गिरण्यांनी हजारो कुटुंबांना रोजगार दिला. हुकुमचंद गिरणी १९९१ मध्ये बंद पडली. तथापि गिरण्यांतील हवेने शिकविलेला धडा आजही उपयुक्त आहे.

रुईच्या गाठी फोडण्याच्या व पिंजणाच्या खात्यांत तंतूंबरोबर पाने व देठ यांचा सूक्ष्म चुरा उडतो. त्यावरील जिवाणूंच्या विषामुळे श्वासनलिकांचा दाह होतो. दीर्घकाळ अशा धुळीत काम केल्याने जडणाऱ्या विकारास 'बिसिनोसिस' म्हणतात. साप्ताहिक सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे, हे त्याचे प्रमुख लक्षण होय. पुढील दिवशी त्रास ओसरत असल्याने कामगार त्याकडे दुर्लक्ष करतो. कालांतराने दम रोजचाच होतो आणि फुप्फुसांची झालेली हानी भरून येत नाही. धूम्रपानाने हा विकार अधिकच बळावतो. मात्र प्रारंभीच खाते बदलून दिल्यास पुढील हानी टळू शकते.

सूत तुटू नये म्हणून गिरणीत हवा दमट ठेवावी लागते. कामगाराला मात्र मोकळी व शुद्ध हवा हवी असते. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी १९४८ च्या कारखाने अधिनियमाने वायुवीजन व धूळ यांविषयी नियम घातले. नव्या कारखान्यात प्रत्येक कामगारामागे १४.२ घनमीटर जागा आवश्यक ठरली, जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरील पोकळी हिशेबात धरावयाची नव्हती. हवा दमट करण्यासाठी पिण्यायोग्य अथवा शुद्ध केलेले पाणी वापरणेही बंधनकारक झाले.

धूळ पसरल्यावर तोंडाला फडके बांधणे हा अपुरा उपाय आहे. यंत्रे झाकून धूळ उगमापाशीच शोषून घ्यावी. झाडू वा दाबाच्या हवेऐवजी शोषण यंत्राने सफाई करावी. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीपूर्वी व पाळीनंतर कामगारांची श्वसनक्षमता मोजल्यास विकार लवकर उघडकीस येतो.

शिवणकामाचे लहान कारखाने व वातानुकूलित कार्यालये यांनाही हेच तत्त्व लागू पडते. खोली थंड असली म्हणजे हवा शुद्ध असतेच असे नाही. तीच हवा पुनःपुन्हा फिरविणाऱ्या यंत्रास बाहेरच्या ताज्या हवेची जोड द्यावी व गाळण्या नियमित स्वच्छ कराव्यात. उत्पादनासाठी कामगाराने आपला श्वास गमावू नये, हीच या सर्व दक्षतेमागील दृष्टी होय.