भिंतीवरचे देव : भाग ६ – मळवलीची लक्ष्मी

मागच्या आठवड्यात पुण्याच्या चित्रशाळेचे छाप पाहिले. आज वळू त्या लक्ष्मीकडे, जी आपल्या नवीन पनवेलच्या जुन्या चौकटींमध्ये अजूनही भेटते. कमळावर उभी, चार हात, वरच्या दोन हातांत कमळे, बाजूला सोंडेत माळ धरलेला हत्ती. गिरगाव-लालबागच्या चाळी सोडून सिडकोच्या घरांत आलेल्या माणसांनी भांड्यांसोबत असे देवही आणले. फ्लॅटचे नूतनीकरण निघाले की नेमकी हीच चौकट आधी माळ्यावर जाते, म्हणून हा भाग घाईने लिहितो आहे.

हे चित्र राजा रविवर्मा यांचे. जन्म १८४८, त्रावणकोरमधल्या किळिमानूरचा. तेलरंगातली त्यांची चित्रे संस्थानिकांच्या महालांत लागत. ती छापून घरोघरी पोचवावीत, असे त्यांना १८८४ मध्ये सुचवले ते बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी. दहा वर्षांनी, १८९४ मध्ये, रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू राजा राजवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीचे. पुढे मुंबईत प्लेग आला आणि १८९९ मध्ये छापखाना घाट चढून कारल्याजवळ मळवलीला गेला. द्रुतगती मार्गाने पुण्याला जाताना लोणावळा ओलांडले की तोच परिसर लागतो.

आता मूळ चित्राचा छाप व्हायचा कसा, ते नीट समजून घेऊ. कारागीर समोर तैलचित्र ठेवून त्यातले रंग मनाने वेगळे करी. पिवळ्याचा एक दगड, गुलाबीचा दुसरा, सावलीतल्या करड्याचा तिसरा. एका चित्राला डझनभर, कधी त्याहून जास्त दगड लागत. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने, डावे-उजवे उलटे करून, ठिपका ठिपका हाताने काढायचा. मग तोच कागद एकेका दगडावरून जाई आणि दरवेळी रंग आधीच्या रंगावर तंतोतंत बसावा लागे. केसभर सरकला तर देवीचा डोळा गालावर यायचा. शेवटी वर व्हार्निश चढे, म्हणून छाप तेलरंगासारखा चमके. यालाच ओलिओग्राफ म्हणत.

रविवर्म्यांचे नाव अजरामर झाले, ते योग्यच. पण घरातल्या कागदावर जो चेहरा आहे, तो दगडावर काढणाऱ्या हातांची नावे छापावर नाहीत. मला ही उणीव फार बोचते. आपल्या आज्यांनी ज्या डोळ्यांसमोर हात जोडले, ते डोळे त्या निनावी कारागिरांनी काढलेले होते.

शिवाय छापावर रविवर्म्यांचे नाव म्हणजे चित्र त्यांचेच, असेही नाही. कर्ज वाढले आणि २०व्या शतकाच्या आरंभी छापखाना जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्याकडे गेला. १९०६ मध्ये रविवर्मा वारले, छपाई मात्र त्यांच्याच नावाने कित्येक वर्षे चालू राहिली. चित्रपट काढण्याआधी दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्यासाठी काम केले होते.

घरी चौकट असेल तर खालचा समास वाचा. ‘रविवर्मा प्रेस, कारला-लोणावळा’ अशी इंग्रजी ओळ सापडली तर छाप मुंबईनंतरच्या काळातला समजायचा. मग भिंग लावा. ठिपके वेडेवाकडे, कमी-जास्त दाट दिसले तर दगडावरचा हात. सगळे एका रांगेत, जाळीसारखे दिसले तर नंतरच्या ऑफसेटची नक्कल. साडीवर जर किंवा टिकल्या शिवलेल्या असतील तर त्या काढू नका, अनेकदा घरातल्या बायकांनीच त्या हौसेने लावलेल्या असतात.

ओल्या फडक्याने पुसू नका. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, चौकट आतल्या भिंतीवर घ्या. मागचा जुना पुठ्ठा कागदाला चिकटला असेल तर ओढून काढू नका, जाणकाराकडे न्या.

पुढच्या आठवड्यात : रावबहादूर धुरंधर.