कडू दुधी : जिभेचे ऐका

२०१९ च्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळचे साडेसात वाजले असतील. दवाखाना अजून उघडायचा होता, तोच दारात रिक्षा थांबली. आतून एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या मंडळी उतरल्या. उतरल्या म्हणजे वहिनींनी आणि रिक्षावाल्याने मिळून गुरुजींना उतरवले. अंग घामाने थबथबलेले, चेहरा पांढराफटक. तासाभरात सात-आठ उलट्या झालेल्या, त्यातली शेवटची लाल. जुलाबही सुरू झालेले. रक्तदाब पाहिला तर वरचा आकडा ८० च्याही खाली. एरवी या माणसाचा रक्तदाब १५० च्या खाली आणताना माझी दमछाक व्हायची!

जळगावचा उन्हाळा, उलटी-जुलाब, रक्तदाब कमी, म्हणजे एक तर ऊन लागले किंवा शिळे खाल्ले, असेच कुणालाही वाटेल. मलाही वाटले. सलाईन लावता लावता विचारले, ‘‘गुरुजी, रात्री काय खाल्लं?’’

‘‘रात्री कळण्याची भाकरी न् भाजी. सगळ्यांनीच खाल्ली. सकाळी फक्त दुधीचा रस घेतला, तुम्ही सांगितला तो.’’

वहिनी म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसाहेब, तो रस विषासारखा कडू होता. मी एक घोट घेतला न् मोरीत थुंकला. यांनी मात्र नाक दाबून पूर्ण ग्लास संपवला. म्हणे, कारलं कडू असतं ते गुणकारी, मग हा का नाही?’’

‘तुम्ही सांगितला तो’ हे शब्द मला अजून ऐकू येतात. सल्ला माझाच होता. वजन वाढलेले, शुगर, रक्तदाब; म्हणून मी म्हटले होते, दुधी खात जा, हलका असतो. भाजी की रस, हे मी बोललो नव्हतो. कडू निघाला तर फेकून द्या, हेही बोललो नव्हतो. वास्तविक २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी आणि कारल्याचा एकत्र रस प्यायल्यावर मृत्यू झाला होता. त्यांच्या पत्नीही आजारी पडल्या, पण त्या वाचल्या. हे जोडपे कित्येक वर्षे हा रस घेत होते. ती बातमी मी वाचली होती. जून २०१८ मध्ये पुण्यात ४१ वर्षांच्या एका महिलेचा असाच मृत्यू झाला, तीही वाचली होती. वाचून वर्तमानपत्राची घडी घातली, झाले!

गुरुजींना लगेच मोठ्या रुग्णालयात हलवले. दुर्बिणीतून तपासले तेव्हा जठराच्या आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या अस्तराला जागोजागी जखमा दिसल्या. चार दिवसांनी ते घरी आले.

दुधीत असे काय असते? दुधी, काकडी, गिलकी, दोडकी, गंगाफळ, टरबूज, कारले ही सगळी एकाच कुळातली वेलवर्गीय मंडळी. किडे आणि जनावरे यांनी खाऊ नये म्हणून या वेली स्वतःच्या रक्षणासाठी काही कडू द्रव्ये तयार करतात. त्यांना कुकुर्बिटॅसिन म्हणतात. काकडीचे टोक कापून त्यावर घासायची आपल्या आया-आज्यांची सवय आठवा. घासल्याने कडूपणा जातो की नाही हा वेगळा वाद, पण देठाकडच्या टोकाला कडूपणा जास्त असतो, हे त्यांनी बरोबर हेरले होते. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गोड फळांचेच बी राखून ठेवले, म्हणून आज बाजारातला दुधी बहुधा कडू नसतो. पण ती कडू द्रव्ये करण्याची ताकद वेलीत कुठेतरी शिल्लक राहतेच.

जुन्या लोकांना कडू भोपळा नवा नाही. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधायचा तो भोपळा, गोसाव्याच्या हातातला तुंबा, हे या दुधीचेच भाऊबंद. शास्त्रीय नावही एकच. माळावरचे कडू वृंदावन याच कुळातले. त्याचे फळ जहाल रेचक म्हणून जुन्या वैद्यांना माहीत होते आणि ते जपून वापरत. आपल्या घराच्या वेलीजवळ असा कडू भोपळा असेल, तर किडे एकाचे पराग दुसऱ्यावर नेतात. त्या वर्षीचे फळ गोडच लागते, पण त्याचे बी राखून पुढच्या वर्षी लावले की कडू फळ पदरात पडू शकते. शिवाय कडक ऊन, पाण्याची ओढ, वेलीवर जून झालेले फळ, यांनीही कडूपणा वाढतो. गुरुजींचा वेल गच्चीवर, कुंडीत, एप्रिलच्या उन्हात होता. बाहेरून मात्र फळ छान हिरवेगार. रंगावरून, आकारावरून कडू दुधी ओळखता येत नाही. ओळखते ती जीभ.

ही द्रव्ये पोटात जास्त गेली की जठराच्या आणि आतड्यांच्या अस्तराला इजा करतात. सूक्ष्म रक्तवाहिन्यांमधून द्रव पाझरू लागतो, त्यामुळे रक्तदाब कोसळतो. त्रास बहुधा काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत सुरू होतो : पोटात कळ, मळमळ, उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी. यावर उतारा असे औषध नाही. सलाईन, आम्ल कमी करणारी औषधे, रक्तदाब सांभाळणे, गरज पडली तर रक्त देणे, एवढेच आमच्या हाती असते. म्हणूनच वेळ महत्त्वाची. लिंबूपाणी देऊन किंवा तूप पाजून ‘पडेल उतार’ म्हणत घरी बसू नये. उरलेला रस किंवा फळाचा तुकडा सोबत न्यावा. डॉक्टरांना निदान करायला सोपे जाते, नाहीतर माझ्यासारखा ते उन्हावर ढकलून मोकळा होतो.

मग भाजीने असे का होत नाही, असा प्रश्न वाचक विचारतील. भाजी कडू निघाली तर पहिल्या घासाला आपण ताट सरकवतो. रसाचे तसे नसते. अर्धा-पाऊण दुधी एका ग्लासात उतरतो, त्यात पुदिना, जिरे, आवळा, लिंबू घालून चव झाकली जाते आणि तो आपण घटाघट पितो. त्यात कारल्याचा रस मिसळला तर दुधी कडू आहे हे कळायलाच मार्ग राहत नाही. शिजवल्यानेही हा कडूपणा जात नाही. फ्रान्समधल्या दोन महिलांची हकिगत २०१८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. एकीने कडू भोपळ्याचे सूप घेतले, दुसरीने याच कुळातली दुसरी कडू भाजी खाल्ली. उलट्या झाल्याच, पण पुढे डोक्याचे केसही मोठ्या प्रमाणावर गळाले.

दिल्लीच्या घटनेनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सल्ला साधा आहे. रस काढण्यापूर्वी दुधीचा लहानसा तुकडा चाखून पाहा. कडू लागला तर फळ टाकून द्या. दुसऱ्या कशाचा रस त्यात मिसळू नका. रस घेतल्यावर बरे वाटेनासे झाले तर तडक रुग्णालय गाठा. मी त्यात माझे एक वाक्य जोडतो : दोन दुधी असतील तर दोन्ही चाखा, कारण एका वेलीचे एक फळ गोड म्हणून शेजारच्या वेलीचेही गोडच असेल असे नाही.

गुरुजींनी कारल्याचा दाखला दिला, तो पुष्कळ जण देतात. कारल्यातली कडू द्रव्ये रसायनशास्त्राच्या दृष्टीने याच घराण्यातली आहेत, पण भाजीच्या प्रमाणात ती माणसाला मानवतात, हा पिढ्यांचा अनुभव आहे. (शुगरच्या गोळ्या चालू असताना रोज ग्लासभर कारल्याचा रस मात्र डॉक्टरांना न सांगता घेऊ नका; साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते.) कडू म्हणजे औषध, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. कडुनिंब, काढा, किराईत... दुधीच्या बाबतीत ते उलटे आहे. गोड तो खाण्याचा, कडू तो टाकण्याचा.

वनस्पतींत औषध नसते, असे मी म्हणत नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या मुळीचे रक्तदाबावरचे परिणाम इंग्लंडच्या नियतकालिकात मांडले, तेव्हा जगभरच्या डॉक्टरांचे तिच्याकडे लक्ष गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रिसर्पिन वेगळे काढले गेले. पण त्याचा डोस पाव मिलिग्रॅमच्या आसपास मोजून दिला जाई, आणि तरीही काही रुग्णांना उदासी येत असे. ज्या वनस्पतीत गुण आहे तिच्यात ताकद आहे, आणि ताकद मोजून घ्यावी लागते. ग्लास हे काही माप नव्हे.

दुधीत पाणीच ९५ टक्क्यांच्या आसपास, उष्मांक नाममात्र. वजन कमी करायचे असेल, शुगर असेल, तर भाजी उत्तमच. हृदयातले ब्लॉक रसाने उघडतात, याला पुरावा नाही. माझ्या दवाखान्यात मी आता ‘दुधी खा’ म्हटले की लगेच ‘आधी चाखा’ म्हणतो. रुग्ण हसतात. हसू देत.

गुरुजी पुढच्या आठवड्यात तपासणीला आले तेव्हा वेल उपटून झाला होता. आदल्या वर्षीच्या त्याच बियांतल्या थोड्या त्यांनी शेजारच्या दोन घरी दिल्या होत्या. वहिनी दोन्ही घरी जाऊन त्या परत मागून आल्या. एका घरी बी अजून कागदाच्या पुडीत होते. दुसऱ्या घरी वेल मांडवावर चढला होता आणि त्याला तीन दुधी लागले होते. तिथल्या सूनबाईंनी तिन्हींचा एकेक तुकडा चाखला. दोन गोड निघाले, तिसरा कडू.