बोटीवरची काजळी पाण्याने का जात नाही?

जून-जुलैमध्ये कोकण किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि नवा हंगाम सुरू होण्याआधी त्यांची डागडुजी, धुलाई व रंगकाम चालते. अशा वेळी बंदरावर फेरफटका मारला, तर एक गोष्ट नजरेत भरते. ज्या बोटींच्या इंजिनाच्या धुराचा पाइप बाजूने किंवा मागून बाहेर काढलेला असतो, त्या बोटींवर पाइपाच्या तोंडाशी काळा डाग पसरलेला दिसतो. हा डाग तसाच ठेवून वर रंग मारला, तर रंग नीट धरत नाही आणि थोड्याच दिवसांत त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून डाग आधी काढावा लागतो. पण नुसत्या पाण्याने कितीही घासले तरी तो जात नाही, उलट पसरतो. असे का होते?

काजळी तयार कशी होते?

पेट्रोल इंजिनात ठिणगीने ज्वलन सुरू होते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तेथे हवा जोराने दाबून अतिशय तापवतात आणि तिच्यात डिझेलचा बारीक फवारा सोडतात. फवाऱ्याच्या कडेला भरपूर हवा मिळते, पण आतल्या भागात ऑक्सिजन अपुरा पडतो. तेथे डिझेलचे रेणू जळण्याऐवजी उष्णतेने तुटतात. त्यांतील हायड्रोजन निघून जातो आणि उरलेल्या कार्बनचे सूक्ष्म गोळे बनतात. त्यांतील बरेचसे पुढे जळून जातात, उरलेले धुराबरोबर बाहेर पडतात. हीच काजळी. कंदिलाची वात जास्त वर केली की काच काळी होते, त्यामागचे कारणही हेच: अपूर्ण ज्वलन.

काजळीच्या एका गोळ्याचा व्यास साधारण काही दशक नॅनोमीटर असतो. तो ३० नॅनोमीटर धरला, तर माणसाच्या केसाच्या जाडीत असे दोन-तीन हजार गोळे एका ओळीत बसतील. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना येथे एक छोटे गणित घालता येईल. गोलाचे पृष्ठक्षेत्रफळ भागिले आकारमान म्हणजे ६ भागिले व्यास. काजळीची घनता दर घनसेंटिमीटरला १.८ ग्रॅम धरली, तर एक ग्रॅम काजळीचे पृष्ठक्षेत्रफळ सुमारे ११० चौरस मीटर येते! चिमूटभर काजळीने एवढा मोठा भाग काळा का होतो, याचे उत्तर या आकड्यात आहे. आणि एवढ्या पृष्ठभागावर न जळलेले डिझेल व वंगण तेल चिकटलेले असते. हे तेल काजळीला बोटीवर घट्ट धरून ठेवते.

विरघळत नाही, रंगही उडत नाही

आपल्याकडे जुन्या पोथ्या काजळापासून केलेल्या शाईने लिहीत असत. शेकडो वर्षांनंतरही ती अक्षरे काळीभोर दिसतात. कारण कार्बन पाण्यात किंवा नेहमीच्या कोणत्याही द्रावकात विरघळत नाही, आणि त्याचा रंग उन्हाने किंवा ब्लीचिंग पावडरने उडत नाही. पोथी टिकवणारा हाच गुण बोटीवर आपल्याला नकोसा होतो. म्हणून ब्लीचिंग पावडर किंवा आम्ल लावून हा डाग जाईल, ही अपेक्षा चुकीची आहे. (ही दोन्ही एकत्र तर कधीच करू नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.) रॉकेलच्या बोळ्याने थोडा फरक दिसतो, पण रॉकेल काजळी विरघळवत नाही, फक्त तिला धरून ठेवणारे तेल विरघळवते.

काजळी रासायनिक रीतीने नष्ट करता येत नसेल, तर एकच मार्ग उरतो. ती पृष्ठभागावरून सुटी करायची आणि पाण्याबरोबर वाहून न्यायची. पण अडचण अशी, की पाणी काजळीला भिजवतच नाही.

करून पाहा

एक स्टीलचा चमचा मेणबत्तीच्या ज्योतीत धरून सर्व बाजूंनी काळा करा. थंड झाल्यावर काचेच्या पेल्यातील पाण्यात बुडवा. काळा चमचा पाण्यात चांदीसारखा चमकू लागेल! बाहेर काढा, तो पुन्हा काळा आणि कोरडा. काजळीला पाणी चिकटत नसल्याने तिच्यावर हवेचा पातळ थर तसाच राहतो. पाण्यातून येणाऱ्या प्रकाशाचे या थरावर पूर्ण आंतरिक परावर्तन होते.

आता पाण्यात कपडे धुण्याची पावडर विरघळवून चमचा पुन्हा बुडवा. हळूहळू चमक नाहीशी होईल आणि काजळी भिजेल. अपमार्जकाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, तर दुसरे तेलाकडे. त्यामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, पाणी काजळीच्या कणांमध्ये शिरते आणि सुटलेले कण अपमार्जकाच्या वेढ्यात पाण्यात तरंगत राहतात.

समुद्राचे पाणी मिळाले तर त्यात साधा साबण घासून पाहा. फेसाऐवजी पांढरा चोथा होईल. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम आणि ०.४ ग्रॅम कॅल्शियम असते. त्यांच्याशी साबणाचे न विरघळणारे क्षार बनतात. म्हणून बोट धुवायला गोडे पाणी आणि अपमार्जक बरे.

डाग काढताना

प्रथम गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढावे, नाहीतर त्याचे खडे घासताना ओरखडे पाडतात. मग अपमार्जकाचे पाणी लावून काही मिनिटे थांबावे. थांबणे महत्त्वाचे, कारण भिजवण्याचे काम वेळ करतो, जोर नव्हे. नंतर मऊ स्पंजाने पुसून धुवावे. कोरडी काजळी खरवडू नये, ती नाकातोंडात जाते.

फायबरच्या बोटीवर आणखी एक गोष्ट घडते. उन्हाने तिचा वरचा गुळगुळीत थर खडूसारखा होतो, त्यात सूक्ष्म छिद्रे पडतात आणि काजळी आत शिरते. खरखरीत घासणीने ही छिद्रे वाढतात, म्हणजे आजचा डाग जातो पण पुढचा अधिक खोल बसतो. अशा वेळी सौम्य पॉलिशने घासून वर मेणाचा थर द्यावा. मेण छिद्रे बुजवते आणि पुढची काजळी मेणावरच राहते. रंगवलेल्या लाकडी बोटीवर आधी धुवून, वाळवून, हलका काचकागद मारून मग रंग द्यावा. धुण्याचे पाणी खाडीत सोडू नये, अपमार्जकाने माशांच्या कल्ल्यांना इजा होते.

डाग काय सांगतो?

डाग काढल्यावर लवकरच परत आला, तर दोष धुण्यात नसून इंजिनात आहे. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी: हवेची जाळी तुंबलेली, फवारा नीट न उडणे किंवा पंख्यात जाळे अडकून इंजिनावर ताण येणे. निळसर धूर वंगण तेल जळत असल्याची खूण आहे. पांढरा धूर बहुधा न जळलेल्या डिझेलच्या वाफेचा असतो.

हा धूर फक्त बोटीवर बसत नाही, खलाशांच्या फुप्फुसांतही जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेल इंजिनाच्या धुराची गणना कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत केली. किनाऱ्यावरच्या शाळेतील अनेक मुलांचे वडील, काका दिवसचे दिवस या धुराजवळ काढतात. चमच्याचा प्रयोग झाल्यावर मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा: तुमच्या घरच्या बोटीचा धूर कोणत्या रंगाचा आहे? उत्तर शोधण्यासाठी त्यांना घरी बोलावेच लागेल, आणि त्या बोलण्यातून कदाचित इंजिनाची तपासणीही होईल.