दुसरे तळण

कोरियन भाषेत कोंबडीला ‘दाक’ असा जुना देशी शब्द आहे, तर ‘चिकिन’ हा इंग्रजीतून आलेला शब्द केवळ तळलेल्या कोंबडीसाठी वापरला जातो. उकडलेल्या किंवा रश्श्यातल्या कोंबडीला तेथे कोणी ‘चिकिन’ म्हणत नाही. भाषेने ज्याच्यासाठी एक शब्द असा वेगळा काढून ठेवला, तो पदार्थ आजच्या रूपात तेथे जेमतेम पन्नास वर्षांचा आहे. त्याची ओळख दोन गोष्टींवरून पटते: अंड्याच्या टरफलासारखे पातळ, दाताखाली चटकन मोडणारे आवरण, आणि त्यावर गोड-तिखट सॉस चढवल्यानंतरही बराच वेळ टिकणारा कुरकुरीतपणा. यांपैकी दुसरी गोष्ट अधिक अवघड असून घरच्या कढईत हा पदार्थ बहुधा तिथेच फसतो. त्याचे कारण मसाल्यात किंवा सॉसच्या बाटलीत शोधले जाते. प्रत्यक्षात ते आवरणात मागे राहिलेल्या पाण्यात असते, आणि ते पाणी घालवण्याचा कोरियन उपाय म्हणजे एकच तुकडा थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा तळणे.

कोरियात कोंबडी पूर्वापार उकडूनच खाल्ली जाई. पोटात तांदूळ, लसूण व जिनसेंग भरून शिजवलेली ‘सामग्येतांग’ ही आजही तेथील ऐन उन्हाळ्यातील मानाची पाककृती आहे. पंधराव्या शतकातील ‘सान्गायोरोक’ या पाकशास्त्रीय ग्रंथात कोंबडीचे तुकडे तेलात परतून करायच्या ‘पोग्ये’ नावाच्या पदार्थाचे वर्णन आढळते. तथापि, भरपूर तेलात तळणे ही सामान्य घराला परवडणारी गोष्ट नव्हती. 1960 च्या दशकात सोलच्या म्योंगदोंग भागात विजेच्या भट्टीत फिरवून भाजलेली अख्खी कोंबडी लोकप्रिय झाली, आणि 1970 च्या दशकात सोयाबीनचे शुद्ध तेल कारखान्यांतून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडू लागले, त्याच सुमारास कुक्कुटपालनही वाढले, तेव्हा बाजारपेठांतील मोठ्या कढयांत अख्ख्या कोंबड्या तळल्या जाऊ लागल्या. या अख्ख्या कोंबडीला ‘थोंगदाक’ म्हणतात. 1977 मध्ये सोलमधील शिनसेगे या मोठ्या दुकानात ‘लिम्स चिकन’ सुरू झाले आणि तेथे तुकडे करून तळलेली कोंबडी विकली जाऊ लागली.

यापुढचे वळण मात्र राजधानीत घडले नाही. तिखट-गोड सॉसमध्ये घोळलेल्या ‘यांगन्योम चिकन’चे श्रेय दक्षिण-पूर्वेकडील दाएगू शहरातील यून जोंग-ग्ये यांना दिले जाते, आणि काळ 1980 च्या सुमाराचा मानला जातो. तळलेली कोंबडी निवली की कोरडी व कडक होते आणि खाणाऱ्याच्या तोंडाला टोचते, ही अडचण त्यांना सोडवायची होती. सॉसमध्ये बरेच प्रयोग करूनही मनासारखी चव साधत नव्हती, ती ‘मुल्योत’ म्हणजे धान्याच्या स्टार्चपासून केलेला दाट, चिकट पाक मिसळल्यावर साधली, असे ते सांगत असत. या पाकाचे महत्त्व चवीपुरते नाही. ते सॉसच्या विवेचनात स्पष्ट होईल. पुढे 1991 मध्ये गुमी येथे सुरू झालेल्या ‘क्योचोन’ने सोया सॉस व लसणाचा पातळ लेप देण्याची पद्धत रूढ केली. 1997 च्या आर्थिक अरिष्टात नोकरी गमावलेल्या अनेकांनी हाती आलेल्या पैशांतून छोटी चिकन-दुकाने थाटली, आणि 2002 च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत यजमान कोरियाचा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला तेव्हा सामना पाहताना चिकन व बिअर हे समीकरण घरोघरी पक्के झाले. ‘चिकिन’ आणि बिअरसाठीचा ‘माएक्जू’ हे शब्द जोडून झालेला ‘चिमाएक’ हा शब्द 2021 मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशातही दाखल झाला.

कुरकुरीतपणा म्हणजे नेमके काय, हे समजावून घेण्यास मराठी भाषा चांगली मदत करते, कारण तिने दोन गुण दोन शब्दांनी वेगळे ठेवले आहेत. करंजी किंवा शंकरपाळे खुसखुशीत असते: मोहनाच्या तेलातुपाने पिठाचे कण एकमेकांना घट्ट चिकटू दिलेले नसतात, म्हणून ते तोंडात भुगा होऊन विरघळते. पापड किंवा कुरडई कुरकुरीत असते: तिच्यातील पाणी जवळजवळ संपलेले असल्यामुळे शिजलेले स्टार्च काचेसारखे ताठ झालेले असते, आणि ताठ वस्तू वाकत नाही, आवाज करून मोडते. हेच स्टार्च थोडे जरी पाणी प्यायले, तरी पुन्हा लवचीक होते. पावसाळ्यात उघडा राहिलेला पापड सादळतो तो याच कारणाने. कोरियन चिकनचे आवरण हे या दुसऱ्या जातीचे आहे. ‘बाहेरून कुरकुरीत, आतून रसाळ’ अशा अर्थाच्या चार शब्दांची पहिली अक्षरे जोडून कोरियन लोक त्याला ‘गॉतबासोकछोक’ म्हणतात, आणि या एका शब्दात स्वयंपाक्यापुढचा पेचही सांगितला गेला आहे, कारण आतला रस हाच बाहेरच्या कुरकुरीतपणाचा शत्रू असतो.

आवरणासाठी कोरियन स्वयंपाकी बटाट्याचे किंवा मक्याचे स्टार्च पसंत करतात. मैद्यातील ग्लुटेनिन व ग्लायडिन ही प्रथिने पाण्यात भिजून एकत्र आली की ग्लुटेन नावाचे चिवट जाळे तयार होते. पोळीला ते हवे असते, तळणीच्या आवरणाला मात्र ते जड व चामट करते. शुद्ध स्टार्चमध्ये ही प्रथिने जवळजवळ नसतात, त्यामुळे त्याचा थर पातळ राहतो व लवकर वाळतो. भारतात ‘कॉर्नफ्लॉर’ या नावाने मिळणारी पांढरीशुभ्र पूड हे मक्याचे स्टार्चच असते आणि या कामाला ती चांगली चालते. भाकरीचे पिवळे मक्याचे पीठ ही निराळी वस्तू असून ते येथे वापरू नये. केवळ स्टार्च घेतले तर रंग फिका येतो आणि थर तुकड्यावरून सुटतो, म्हणून दोन भाग स्टार्चला एक भाग मैदा असे प्रमाण घरी सोयीचे पडते.

एक किलो कोंबडीसाठी अर्धी वाटी स्टार्च, पाव वाटी मैदा आणि अर्धा चमचा बेकिंग पावडर पुरते. बेकिंग पावडरमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू आवरणात बारीक पोकळ्या निर्माण करतो व त्यांतून पुढे वाफेला वाट मिळते. तुकडे लहान असावेत, आणि पहिल्या प्रयत्नासाठी कोंबडीचे पंख सर्वांत योग्य, कारण त्यांत मांस थोडे व कातडी जास्त असते. मांडीचा जाड तुकडा आतपर्यंत शिजेस्तोवर बाहेरचा थर करपण्याची भीती राहते. कोरियातील चिकन-दुकानांत साधारण एक किलो वजनाची कोवळी, लहान कोंबडी वापरली जाते, आणि तिचे तुकडे आतपर्यंत लवकर शिजतात. मीठ, मिरपूड व किसलेले आले चोळून तुकडे अर्धा तास ठेवावेत आणि त्यानंतर सुटलेले पाणी स्वच्छ कापडाने अगदी कोरडे टिपून घ्यावे; ही पायरी गाळली तर पुढचे सगळे कष्ट दुप्पट होतात. मग कोरड्या मिश्रणात घोळवून, जास्तीचे पीठ झटकून, तुकडे दहा मिनिटे तसेच ठेवावेत, म्हणजे कातडीवरील उरलासुरला ओलावा पिठात मुरतो व थर घट्ट धरतो.

आता मुख्य कृती. तुकडा तापलेल्या तेलात पडताच जे बुडबुडे फसफसून वर येतात, ते तेलाचे नसून आवरणातील पाण्याच्या वाफेचे असतात. जोपर्यंत आवरणात पाणी आहे, तोपर्यंत तेल कितीही तापलेले असले तरी त्या ओल्या थराचे तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही, कारण येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. खमंग वास व तांबूस रंग देणारी मैयार अभिक्रिया, म्हणजे प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यात उष्णतेने होणारा संयोग, साधारण 140 अंशांच्या पुढे वेगाने घडते; म्हणून आवरण कोरडे होईपर्यंत ना रंग चढतो, ना ताठपणा येतो. एकाच वेळी हे सारे साधायचे म्हटले, तर आवरण पुरते कोरडे होईपर्यंत आतले मांस चोथ्यासारखे होते, आणि आच वाढवून घाई केली, तर बाहेर रंग येतो पण हाडालगत मांस कच्चे राहते.

दोनदा तळण्याने हा पेच सुटतो, कारण त्यामुळे दोन कामांची विभागणी होते. पहिल्या वेळी तेल 160 ते 165 अंशांवर ठेवून तुकडे आठ ते दहा मिनिटे तळायचे. या वेळात मांस शिजते, कातडीखालील चरबी बरीच वितळून बाहेर पडते आणि आवरणाला आकार येतो, रंग मात्र फिकट पिवळाच राहतो. मग तुकडे जाळीवर काढून पाच ते दहा मिनिटे ठेवायचे. या अवधीत आतले पाणी वाळलेल्या आवरणाकडे सरकते आणि थोड्या वेळापूर्वी कडक वाटलेला थर हाताला मऊ लागू लागतो. अनुभव नसलेल्या माणसाला वाटते की पदार्थ बिघडला, आणि तो घाईने तुकडे तेलात परत टाकतो. वास्तविक हा मऊपणा हीच चांगली खूण आहे, कारण एरवी जे पाणी ताटात वाढल्यावर आवरणात शिरून ते सादळवणार होते, तेच आता आधी बाहेर आलेले असते. दुसऱ्या वेळी तेल 185 अंशांपर्यंत तापवून तुकडे तीन-चार मिनिटे तळले की, हे मोजके पाणी झपाट्याने उडून जाते, थराचे तापमान चढते, रंग येतो आणि स्टार्च ताठ होते. आतल्या मांसाला अधिक शिजायला वेळच मिळत नाही. संपूर्ण कृतीत या मधल्या दहा मिनिटांना जेवढे मोल आहे, तेवढे कोणत्याही मसाल्याला नाही.

तापमापक नसेल, तर पिठाचा कालवलेला थेंब तेलात सोडून पाहावा: तो तळाशी जाऊन सावकाश वर आला, तर तेल पहिल्या तळणाजोगे आहे, आणि पडताक्षणी वर उसळला, तर दुसऱ्या तळणाजोगे. कढई तेलाने निम्म्याहून अधिक भरू नये आणि एका वेळी पाच-सहाच तुकडे सोडावेत, कारण थंड तुकड्यांची गर्दी झाली की तेलाचे तापमान कोसळते व आवरण तेल पिऊ लागते. मांस शिजल्याची खात्री आतील तापमान 74 अंश झाल्यावर होते; साधी खूण म्हणजे हाडालगत सुरी घातली असता निघणारा रस पारदर्शक असावा. तळलेले तुकडे कागदावर एकमेकांवर रचले तर त्यांचीच वाफ खालच्या बाजूला कोंडून तेथील थर ओला करते, म्हणून ते जाळीवर सुटे ठेवणे आवश्यक असते.

सॉसचा प्रश्न पुन्हा पाण्याचाच आहे. यांगन्योमचा प्राण असलेले ‘गोचूजांग’ हे मिरचीपूड, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड, बार्लीचे मोड व मीठ यांपासून केलेले दाट वाटण असून, पारंपरिक पद्धतीत ते ‘ओंग्गी’ नावाच्या मातीच्या रांजणांत भरून महिनोन्‌महिने अंगणातल्या उन्हात मुरवले जाते. तीन मोठे चमचे गोचूजांग, तेवढेच टोमॅटो केचअप, पाव वाटी मुल्योत किंवा मध, एक चमचा सोया सॉस आणि ठेचलेला लसूण एकत्र करून मंद आचेवर, चमच्याच्या पाठीवर जाड थर धरेपर्यंत आटवावे. येथे पाकाचे महत्त्व कळते: विरघळलेली शर्करा सॉसमधील पाण्याला धरून ठेवते, त्यामुळे ते आवरणात सहज झिरपत नाही, आणि मुल्योतमधील मिश्र शर्करा साखरेच्या पाकाप्रमाणे निवल्यावर दाणे धरत नाही, म्हणून लेप आरशासारखा चकाकत राहतो. ज्यांना एकतारी व दोनतारी पाकातला फरक बोटांना कळतो, त्यांना या सॉसची अचूक वेळ साधणे कठीण जाणार नाही. तुकडे दुसऱ्या तळणातून निघून दोन मिनिटे झाली, की कोमट सॉसमध्ये ते भरभर घोळवावेत. पातळ किंवा उकळता सॉस ओतणे म्हणजे दोन तळणांची मेहनत वाया घालवणे होय.

गोचूजांगला घरगुती पर्याय सांगितले जातात, परंतु लाल तिखट व केचअपच्या मिश्रणात आंबवण्यातून येणारी खोल, किंचित आंबूस चव येत नाही. सॉसमध्ये वरून मिरचीपूड घालायची झाली तर रंगाने गडद व तिखटपणाने सौम्य अशी बेडगी मिरची चालते. मूळ वाटण मिळतच नसेल, तर यांगन्योमची नक्कल करण्यापेक्षा सोया सॉस, लसूण, आले व मध आटवून त्याचा ब्रशने हलका लेप द्यावा. ती दुय्यम तडजोड नाही, कोरियात तिचा स्वतंत्र व मोठा चाहतावर्ग आहे, आणि लेप पातळ असल्याने आवरण त्याखाली अधिक काळ टिकते.

कोरियात या ताटात पांढऱ्या मुळ्याच्या फोडी असतातच. ‘चिकन-मू’ या नावाने त्या कोंबडीसोबतच दिल्या जातात आणि तेलकट घासानंतर तोंड स्वच्छ करतात. सोललेल्या मुळ्याचे पाऊण इंचाचे चौकोनी तुकडे करून, एक वाटी पाणी, अर्धी वाटी व्हिनेगर, अर्धी वाटी साखर व एक चमचा मीठ यांचे उकळून निववलेले पाणी त्यांवर ओतायचे, एवढीच त्याची कृती आहे. मात्र ते मुरायला रात्र लागते, म्हणून कोंबडी तळण्याच्या आदल्या दिवशीच मुळा बरणीत भरून ठेवावा.